टिटवीच्या तोंडाचं कुंकू

मंगळवार, सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं. जमिनीपासून पाचशे किलोमीटर उंचीवर टिटवी-तीन या पाच किलो वजनाच्या उपग्रहानं आपलं इंजिन सुरू केलं. आठ मिनिटं चालायचं ते इंजिन तिसऱ्या मिनिटाला आपोआप बंद झालं. रेटा मिळाला तो ठरल्याच्या अकराव्या हिश्श्याइतका, आणि तोही तिरका.

शैलजाताई सासने यांना हे कळलं सव्वाआठला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, चौगुल्यांच्या कारखान्याच्या दारात चप्पल काढताना. फोन वरच्या मजल्यावरून होता.

"मावशी, तीन नंबरचं तोंड चोंदलंय असं दिसतंय. तुझा तपासणीचा कागद घेऊन वर ये."

फोन करणारी ऋतुजा नेजदार त्यांच्या बहिणीची मुलगी. तिची सात माणसांची कंपनी याच कारखान्याच्या डोक्यावर होती. खाली लेथ चालत, वर संगणक, आणि त्याच्याही वर पत्र्यावर एक अँटेना. धरणांतलं आणि तलावांतलं पाणी वरून मोजणारे उपग्रह ही मंडळी बनवत. पाण्याकाठचा पक्षी म्हणून नाव टिटवी.

शैलजाताई छप्पन्न वर्षांच्या. त्यांतली बत्तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर गेली होती. कारखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक सुटा भाग त्यांच्या भिंगाखालून जाई आणि कागदावर त्यांची सही होई. त्या सहीवर गेलेला माल आजवर परत आला नव्हता. ही गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नसत, कारण कारखान्याचे मालक बापू चौगुले ती येईल त्याला सांगत.

टिटवीचं इंजिन पाहायला आलेली माणसं आधी हसत आणि मग गप्प होत. त्यात डांबरगोळी होती. कपाटात कपड्यांमध्ये ठेवतो तीच, फक्त जास्त शुद्ध आणि विटेसारखी दाबलेली. दसऱ्याला ठेवलेली गोळी उन्हाळ्यापर्यंत हरभऱ्याएवढी होते आणि कापडावर डाग मात्र पडत नाही. ती वितळत नाही, सरळ वाफ होऊन उडून जाते. टिटवीत हीच वडी एका बंद डबीत असे. डबी पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवली की वाफ धरे, झडप उघडली की ती वाफ अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून अवकाशात सुटे आणि उपग्रहाला उलट्या दिशेनं ढकले. त्या भोकाला कारखान्यात घसा म्हणत, आणि ते ज्या सुट्या भागात असे त्याला तोंड.

रेटा केवढा, तर तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाइतका. पण वर अडवणारी हवा नसल्यात जमा. आठ मिनिटांत उपग्रहाचा वेग मुंगीच्या चालीइतका बदलतो आणि दिवसभरात त्याची जागा पाच किलोमीटरनं सरकते. एवढ्यानं जीव वाचतो. मोठ्या उपग्रहांच्या इंजिनात प्रचंड दाबाच्या टाक्या असतात, विषारी इंधनं असतात, आणि लहान उपग्रह दुसऱ्याच्या रॉकेटमध्ये जागा मागून जातो, त्याला असलं काही शेजारी ठेवू देत नाहीत. डांबरगोळीला कोणाचीच हरकत नव्हती. इंजिन तयार होई एका चांगल्या दुचाकीच्या किमतीत. पूर्वी असले छोटे उपग्रह इंजिनाविनाच सोडत. समोरून काही आलं तर ते चुकवू शकत नसत.

आणि टिटवीसमोर काहीतरी येत होतं.

वरच्या खोलीत इम्रान मुजावर पडद्यासमोर बसला होता. उपग्रहांच्या कक्षांचा हिशेब त्याच्याकडे असे.

"बसा शैलाताई," तो म्हणाला. "जुन्या रॉकेटचा रिकामा टप्पा आहे. एसटीएवढा. शुक्रवारी सकाळी अकरा सव्वीसला तो टिटवीचा रस्ता ओलांडणार. दोघांत अंतर नव्वद मीटर, म्हणजे नाहीच म्हणा. आज हलायला पाहिजे होतं. फवारा तिरका निघाला, उपग्रह गरगरायला लागला, म्हणून त्यानं स्वतःच इंजिन बंद केलं."

"धडकला तर?"

"टिटवी गेली, आणि मागं हजारभर तुकडे. ते पुढं कोणाला लागतील, सांगता येत नाही."

ऋतुजानं कागद हातात घेतला. 'घशाचा व्यास ०.५०२. आत कण नाही. स्वच्छ.' खाली सही, तारीख, वेळ सकाळी नऊ पाच.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती इम्रानला म्हणाली. "बाहेरून इंजिन आणा म्हणून सगळे मागे लागले होते, तेव्हा मी एकच सांगितलं होतं. भिंगावर मावशी बसलीय."

"म्हणजे कचरा नाही. वाफच तोंडाशी गोठली असणार," इम्रान म्हणाला. "तोंडाला वेगळा हीटर आहे. एकशेऐंशी अंशांपर्यंत तापवू, सगळं उडून जाईल. संध्याकाळी पाच पन्नासला टिटवी डोक्यावर येते, तेव्हा आज्ञा पाठवतो."

उपग्रहाशी बोलायला त्यांना दिवसातून दोनच वेळा मिळत, पहाटेनंतर आणि संध्याकाळी, आठ-नऊ मिनिटं.

जिना उतरताना शैलजाताईंनी कागदावरची तारीख पुन्हा वाचली. चार महिन्यांपूर्वीची. त्या तिथंच कठडा धरून उभ्या राहिल्या. त्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला उद्यमनगरात यंत्रांची पूजा असते. पहाटेच पुसून काढलेले लेथ, ड्रिल, वजनकाटे, अगदी पाने-हातोड्यासुद्धा मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. पाण्यातलं कुंकू तेलकट लोखंडावर टिकत नाही, म्हणून चौगुल्यांकडं ते खोबरेल तेलात कालवत. कुंकू लावायचा मान शैलजाताईंचा. एकदा पूजा झाली की त्या हत्यारांना दसऱ्यापर्यंत कोणी हात लावत नाही.

त्या सकाळी नऊ पाचला त्यांनी तीन नंबरचं इंजिन तपासून सही केली होती. इंजिनाचा डबा उघडाच टेबलावर होता, न्यायला गाडी दुपारी यायची होती. मध्ये पूजा झाली.

बापू मागच्या बाजूला साचे मोजत होते.

"बापू, नवमीला तीन नंबरचा डबा टेबलावर होता."

"व्हय की. मीच म्हटलं तुम्हाला, त्या पोरीलाबी लावा. एवढ्या लांब निघालीय, कोऱ्या कपाळानं कशाला धाडायची?"

"मी तोंडावर लावलं."

"मशीनच्या तोंडावरच लावत्यात." बापूंचा हात थांबला. "पुसलं की तुम्ही नंतर. मी बघितलंय."

"पुसलं. भिंगाखाली बघितलं नाही."

का, हे बापूंनी विचारलं नाही. भिंगावर तेव्हा झेंडूचा हार होता.

"शैलाताई," ते हळू आवाजात म्हणाले, "त्यो मुजावरांचा पोरगा म्हणतोय वाफ गोठलीय. तर गोठलीय. कुंकवानं उपग्रह अडला म्हणून सांगितलं तर लोक हसून लोळतील. वीस इंजिनांची ऑर्डर यायचीय. तुमचं बत्तीस वर्षांचं नाव आहे. नसलेलं कशाला अंगावर ओढून घ्यायचं?"

"नसलेलं आहे का, ते बघते आधी."

बारा वाजता त्यांनी नापास मालाच्या पेटीतलं एक तोंड काढलं. डबीतल्या कुंकवात खोबरेलाचे थेंब टाकून कालवलं, अनामिकेनं ठिपका लावला, कापसानं पुसला. वरून तोंड लखलखीत दिसलं. भिंगाखाली घशाच्या कडेला तांबडी अर्धकोर होती. अर्धं भोक मोकळं, अर्धं बंद. असल्या भोकातून फवारा तिरकाच निघणार.

मग त्यांनी ते तोंड भट्टीत ठेवलं. एकशेऐंशी अंश, वीस मिनिटं. बाहेर काढलं तेव्हा अर्धकोर काळी झाली होती आणि सुईनं टोचली तरी निघेना. करपलेल्या तव्यासारखी ती धातूला धरून बसली होती.

पाच पन्नासला टिटवीचं हेच होणार होतं.

शैलजाताईंनी जेवणाचा डबा उघडला नाही. त्यांनी तीच कृती आणखी दोन तोंडांवर केली. एकदाच घडलेल्या गोष्टीवर त्यांनी आजवर सही केली नव्हती. दर खेपेला भट्टी गार व्हायला तास-दीड तास गेला. तिन्ही तोंडं काळी झाली. पाच वाजून वीस मिनिटांनी ती एका ताटलीत घेऊन त्या वर गेल्या.

त्यांनी सगळं उभ्यानंच सांगितलं. तारीख, वेळ, तेल, कापूस, हार.

ऋतुजानं ताटली पुढं ओढली.

"कागदावर स्वच्छ लिहिलंयस," ऋतुजा म्हणाली.

"लिहिलं तेव्हा होतं. नंतर मी घाण केली."

"आणि बघितलं नाहीस."

"भिंगाची पूजा झाली होती."

"अगं पण मावशी, फूल बाजूला ठेवून एकदा डोळा लावायला काय..." तिचा आवाज चढला आणि मध्येच थांबला. "मी सगळ्यांना तुझं नाव सांगितलंय. प्रत्येक मीटिंगमध्ये."

"उद्याही माझंच सांग."

इम्रान ताटलीतलं तोंड उजेडात धरून बघत होता. "तेल कुठलं?" त्यानं विचारलं.

"खोबरेल."

"किती?"

"चमचाभर कुंकवाला चार थेंब."

"ऋतुजा, भांडण नंतर. वीस मिनिटं आहेत. मी आज्ञा काढून घेतोय." तो खुर्ची ओढून बसला. "तापवायचं नाही. मग करायचं काय?"

"वाळलेलं तेल आम्ही कधी जाळत नाही," शैलजाताई म्हणाल्या. "रॉकेलमध्ये भिजत घालतो. भिजलं की सुटतं."

"वर रॉकेल कुठून आणणार, शैलाताई?" असं म्हणून इम्रान हसला आणि मग त्याचा चेहरा बदलला. "थांबा. डांबरगोळी रॉकेलमध्ये विरघळते ना?"

"तेलातही विरघळते," ऋतुजा म्हणाली. रागातही तिचं डोकं चालू होतं. "म्हणजे तिची वाफ तेलात मुरेल. आपल्याकडं वर तीनशे ग्रॅम डांबरगोळी आहे."

बुधवार प्रयोगात गेला. खोलीच्या कोपऱ्यात जाड काचेच्या झाकणाचं एक भांडं होतं, कुकरपेक्षा थोडं मोठं. पंप लावला की त्यातली हवा जवळजवळ सगळी निघून जाई. शैलजाताईंनी पाच तोंडांवर कुंकू लावलं.

"अनामिकेनंच लाव. तसंच लावलं होतंस ना?" ऋतुजा म्हणाली. त्या दिवशी कामाव्यतिरिक्त ती मावशीशी एक शब्द बोलली नाही.

कृती अशी ठरली. तोंडाचा हीटर बंद करून ते गार होऊ द्यायचं. झडप किंचित उघडायची म्हणजे वाफ गार तोंडाशी येऊन कुंकवावर दहिवरासारखी बसेल. मग साठ अंशांवर अर्धा तास थांबायचं. तेवढ्या वेळात ती तेलात मुरते आणि ठिपका मऊ पडतो. नंतर तोंड एकदम नव्वदवर न्यायचं. आत मुरलेली डांबरगोळी घाईनं वाफ होऊन बाहेर पडते आणि ठिपका फुगून भुसभुशीत होतो. लगेच झडप फटफट उघडायची, मिटायची. फुंकर मारल्यासारखी.

पाचपैकी तीन तोंडं साफ झाली. एक अर्धं. एक होतं तसंच राहिलं.

शैलजाताईंनी प्रत्येक तोंड भिंगाखाली धरून आकडा सांगितला आणि इम्राननं तो लिहिला. ज्या चुकीनं घसा बंद झाला ती करणारा हात आणि तो मोकळा झाला का हे पाहणारा डोळा एकाच बाईचा होता. खोलीतल्या कोणीही त्या आकड्यांवर शंका घेतली नाही. इंजिन स्वस्त होतं म्हणूनच हे जमत होतं, असं इम्रान नंतर म्हणाला. महागड्या इंजिनाचं तोंड असं पाच-पाच वेळा खराब करून कोणी बघू दिलं असतं?

चारच्या सुमाराला बापू चहाची किटली घेऊन स्वतः जिना चढून आले. त्यांचे गुडघे दुखत, ते वर सहसा येत नसत.

"काय ठरलं?"

"सगळं लिहून कळवणार आहे, बापू," ऋतुजा म्हणाली. "ऑर्डरवाल्यांनासुद्धा. कुंकू कुंकूच लिहिणार."

बापूंनी चार कप भरले. "मग त्यात माझंबी नाव घाला. लावा म्हणणारा मी हुतो. बाईंनी नुसता हात हलीवला."

"नुसता हात हलवला असता तर बरं झालं असतं," शैलजाताई म्हणाल्या. बापू मोठ्यानं हसले. ऋतुजाही हसली, पण पडद्याकडं तोंड करून.

पाच वाजून शेहेचाळीस मिनिटांनी टिटवी डोक्यावर आली आणि सगळी कृती तिला पाठवली गेली. दर फेरीला एकदा, एकूण सात वेळा. ती कोणाच्या मदतीशिवाय करायची होती. ज्या डबीत एक वडी, एक झडप आणि दोन हीटर, त्या डबीकडून पृथ्वीला सात प्रदक्षिणा घालता घालता स्वतःचा घसा साफ करून घ्यायची अपेक्षा होती.

गुरुवारी सकाळी सहा वाजून तीन मिनिटांनी उत्तर आलं. पहिल्या चार वेळा काही फरक नाही. पाचव्या वेळी दाब अचानक उतरला, म्हणजे वाफेला वाट मिळाली. सातव्या वेळेनंतर रेटा ठरल्याच्या एक तृतीयांश. तिरकेपणा निम्म्यानं कमी.

"अजून सात," शैलजाताई म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी इम्राननं तेवढ्याच वेळा करायची आज्ञा पाठवली.

संध्याकाळी पाच पंचावन्नला रेटा दोन तृतीयांशावर होता. आता थांबायला वेळ नव्हता. जितकं उशिरा हलावं तितकं अंतर कमी पडतं. ऋतुजानं इंजिन सुरू करायची आज्ञा दिली. पडद्यावर आकडे चढत गेले. पहिलं मिनिट, दुसरं. तिसऱ्या मिनिटाला शैलजाताईंनी खुर्चीचा हात धरला. चौथंही पार पडलं. सहा वाजून चार मिनिटांनी टिटवी क्षितिजाखाली गेली तेव्हा इंजिन चालू होतं.

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिनं पुढची हकीकत कळवली. इंजिन सहा मिनिटं चाळीस सेकंद चाललं. मग तिरकेपणा पुन्हा वाढला आणि ते बंद पडलं. का, ते कळायला मार्ग नव्हता. सुटलेला एखादा कण घशात आडवा आला असेल, असं शैलजाताईंचं मत होतं, पण पाहिल्याशिवाय त्या ते कागदावर लिहू देईनात.

इम्राननं हिशेब मांडला. "टिटवी साधारण दोन किलोमीटर सरकलेली असेल. पण त्या टप्प्याची जागा आपल्याला नीट माहीत नाही. माहिती कालची आहे. चूक दोन्ही बाजूंनी तेवढीच निघू शकते."

"म्हणजे?" बापूंनी विचारलं.

"म्हणजे मंगळवारपेक्षा फार बरं. याहून जास्त मी सांगितलं तर ते खोटं होईल."

दुसऱ्या प्रयत्नाला वेळ उरला नव्हता. टिटवी पुन्हा संध्याकाळीच भेटणार होती.

नऊ वाजता शैलजाताई खाली आल्या आणि भिंगाचा दिवा लावला. टिटवी-चारचं इंजिन टेबलावर होतं. तपासणीच्या कागदात त्यांनी पट्टीनं आखून एक नवा रकाना काढला: 'डबा मिटताना पुन्हा पाहिलं. वेळ.' आधीचे आकडे त्या भरत गेल्या. वीस इंजिनांच्या ऑर्डरवाल्यांना ऋतुजाचं पत्र कालच गेलं होतं, तीन पानी, ठिपक्याच्या फोटोसह. त्यांच्याकडून पोच आली होती, उत्तर नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ऋतुजा जिना उतरून आली. लेथांच्या मधून वाट काढत ती तपासणीच्या टेबलाशी पोचली आणि शेजारचं स्टूल ओढून बसली. मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

"वर थांबवत नाही," ती म्हणाली. "इम्रान सारखा घड्याळाकडं बघतोय."

"मग इथं बस. हलू नकोस, टेबल हलतं."

"दाखव."

शैलजाताई बाजूला सरकल्या. ऋतुजानं भिंगाला डोळा लावला. अर्ध्या मिलिमीटरचा गोल घसा पैशाएवढा दिसत होता. कडा कापल्यासारखी स्वच्छ.

"काही नाही आत," ती म्हणाली.

"फिरवून बघ. पूर्ण."

ती हळूहळू फिरवत राहिली. मागं बापूंनी एकेक करून लेथ बंद करायला लावले होते. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. कारखान्यात भर दिवसा अशी शांतता फक्त खंडेनवमीलाच असे.

अकरा सव्वीस झाले. त्या वेळी टिटवी-तीन दक्षिण पॅसिफिकवर होती. तिथं तिचं ऐकणारा अँटेना नाही.

एक वाजता परदेशी रडारचा तक्ता आला. त्या कक्षेत नव्या तुकड्यांची नोंद त्यात नव्हती. पण अशी नोंद व्हायची असेल तर सहा तास लागतात, म्हणजे धडक टळली असं अजून म्हणता येत नाही. टिटवी-तीन कोल्हापूरवर येण्याची पुढची वेळ संध्याकाळी पाच वाजून एकोणपन्नास मिनिटं अशी आहे. टिटवी-चारचा डबा मिटलेला नाही, तिच्या कागदावर शेवटचा रकाना आणि सहीची जागा अजून कोरी आहे.